बागेच्या भूखंडावर पत्रे लागले? ठाणे-नवी मुंबईत आरक्षण कसं तपासायचं आणि हरकत कशी नोंदवायची

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्षातून एकदा तरी तोच फोटो येतो: समोरच्या मोकळ्या जागेला निळे पत्रे ठोकताहेत. तासाभरात साठ-सत्तर मेसेज पडतात. ‘इथे बाग होणार होती ना?’ ‘शाळेचं रिझर्व्हेशन आहे, मी स्वतः ऐकलंय.’ रविवारी सह्यांची मोहीम होते, सोमवारी ‘बाग वाचवा’ असं निवेदन जातं आणि दीड महिन्याने दोन ओळींचं उत्तर येतं की सदर जागा आपण नमूद केलेल्या आरक्षणाने बाधित नाही. तिथे विषय संपतो.

बऱ्याचदा लोकांचा मुद्दा बरोबर असतो, पण कागद चुकतो. नंबर चुकलेला असतो, नाहीतर कलम, नाहीतर टेबल. हरकतीला मिळणारा महिना लिहायला असतो. शोधाशोध त्याच्या आधी उरकलेली हवी. म्हणून पहिले चार टप्पे आज करून ठेवा, पत्रे लागलेले नसले तरी.

टप्पा १ : जागेचा नंबर पक्का करा

‘डी-मार्टच्या मागची मोकळी जागा’ असं कुठल्याही नकाशावर लिहिलेलं नसतं. ठाण्यात जागा दोन पद्धतींनी ओळखली जाते. घोडबंदर पट्टा, कोलशेत, माजिवडे, कावेसर, ओवळे इथे ‘मौजे अमुक, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर’. नौपाडा आणि जुन्या ठाण्यात ‘टिका (सिटी सर्व्हेच्या नकाशाचा एक तुकडा) नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर’. टिका हा प्रकार बाहेरून आलेल्यांना कळत नाही, ते तो सोडून फक्त सिटी सर्व्हे नंबर लिहितात. तोच नंबर दुसऱ्या टिक्यातही असू शकतो.

नवी मुंबईत सिडकोने आखलेल्या भागात नोड, सेक्टर आणि भूखंड क्रमांक हे तिन्ही लागतात: ‘नेरूळ, सेक्टर अमुक, भूखंड क्रमांक तमुक’. तिथे सातबारा काढत बसू नका. जमीन संपादन होऊन जमाना झाला, आताच्या भूखंडाचा त्यातून पत्ता लागत नाही. गावठाणं आणि साडेबारा टक्के योजनेतले (जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना परत दिलेले) भूखंड यांचे कागद मात्र वेगळे बघावे लागतात.

नंबर शोधायची सोपी वाट म्हणजे शेजारच्या इमारतीतल्या कुणाचा तरी खरेदीचा करारनामा. त्यात परिशिष्टात चतुःसीमा दिलेल्या असतात: पूर्वेस स.नं. अमुक, दक्षिणेस डीपी रोड. तिथून सुरुवात करा. मग महाभूनकाशाच्या संकेतस्थळावर गाव निवडून गट किंवा सर्व्हे नंबरचा आकार प्रत्यक्ष जागेशी ताडून पाहा. शेवटी डिजिटल सहीचा सातबारा काढा, १५ रुपये लागतात. शहरी भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका घ्या.

माझी पहिली हरकत इथेच मेली. ठाण्याच्या काही गावांत जुना सर्व्हे नंबर आणि नवा सर्व्हे नंबर असे दोन चालतात. मी शेजाऱ्यांच्या १९९० च्या आधीच्या कागदावरून नंबर उचलला आणि ‘जुना’ हा शब्द लिहायचा राहिला. नव्या क्रमवारीत तो नंबर पाऊण किलोमीटरवरच्या एका चाळीचा निघाला. सुनावणीला मी बागेबद्दल तावातावाने बोलत होतो आणि समोरचे साहेब चाळीच्या नकाशावर बोट ठेवून बसले होते.

तपासा : तुमच्याकडे आता गाव, जुना नंबर, नवा नंबर आणि हिस्सा, किंवा टिका आणि सिटी सर्व्हे नंबर, किंवा नोड, सेक्टर आणि भूखंड असा पूर्ण संच आहे का? एक जरी रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

टप्पा २ : सही-शिक्क्याचा भाग नकाशा घ्या

विकास योजनेच्या (डीपीच्या, म्हणजे शहरातली कुठली जमीन कशासाठी ते ठरवणाऱ्या आराखड्याच्या) नकाशाचे फोटो गावभर फिरत असतात. त्यातला कोणता मंजूर, कोणता प्रारूप (अजून मंजूर न झालेला मसुदा) आणि कोणता एखाद्या बिल्डरच्या माहितीपत्रकातला, हे फोटोवरून कळत नाही. म्हणून अर्ज करून दोन गोष्टी मागा: त्या नंबरचा भाग नकाशा आणि झोन दाखला. ठाण्यात हा अर्ज पाचपाखाडीच्या मुख्यालयातल्या शहर विकास विभागात, नवी मुंबईत बेलापूर सेक्टर १५ए मधल्या मुख्यालयाच्या नगररचना विभागात. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि मोजणी नकाशा जोडा, शुल्क भरा. जागा तुमच्या मालकीची नसली तरी अर्ज करता येतो. कुणी ‘मालकाचं पत्र आणा’ म्हणालं तर वाद घालू नका, हीच माहिती माहितीच्या अधिकारात मागा.

अर्जात हे वाक्य घाला, यात सगळं येतं:

‘सदर जमीन मंजूर विकास योजनेत कोणत्या विभागात समाविष्ट आहे, कोणत्या आरक्षणाने वा रस्त्याने बाधित आहे, मंजुरीनंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ किंवा कलम १२७ अन्वये त्यात काही बदल झाला आहे काय, तसेच प्रारूप सुधारित विकास योजनेतील प्रस्ताव काय आहे, याचा लेखी अभिप्राय मिळावा.’

शेवटचा भाग गाळू नका. ठाण्याची विकास योजना १९९९ साली मंजूर झाली, पण सगळी एकदम नाही. वगळलेला भाग नंतर वेगळ्या अधिसूचनेने आला. त्यानंतर फेरबदल झाले ते वेगळेच. मग २०२४ च्या ऑक्टोबरात सुधारित प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. नवी मुंबई महापालिकेचा प्रारूप आराखडा ऑगस्ट २०२२ मध्ये आला. याच अधिनियमाच्या कलम ४६ प्रमाणे बांधकाम परवानगी देताना प्राधिकरणाला प्रारूप योजनाही विचारात घ्यावी लागते. म्हणजे मंजूर नकाशात खेळाचं मैदान आणि प्रारूपात निवासी, किंवा उलट, असं असेल तर दोन्ही कागद तुमच्या फाइलीत हवेत.

नकाशा हातात आल्यावर आधी डोळ्यांना लावून बघा. आरक्षणाच्या हद्दीची जाड रेघ, आत वर्तुळातला किंवा साधा लिहिलेला क्रमांक, बाजूला रंग. ठाण्याच्या योजनेत नकाशाचे भाग सेक्टरवार आहेत, त्यामुळे आरक्षण ‘सेक्टर क्र. ५, आरक्षण क्र. अमुक’ असं वाचायचं. हा सेक्टर म्हणजे वाशीचा सेक्टर १७ नव्हे. नवी मुंबईतून ठाण्यात राहायला आलेली माणसं इथे हमखास गोंधळतात.

पेन्सिलीने सर्व्हे नंबरची हद्द आणि आरक्षणाची हद्द वेगवेगळी गिरवा. पूर्ण सर्व्हे नंबर आरक्षित असणं क्वचितच घडतं. अर्धा आरक्षणात, एक कोपरा रस्त्यात आणि उरलेला निवासी विभागात असं बहुतेक वेळा दिसतं. पत्रे नेमके त्या निवासी कोपऱ्याला लागलेले असतील तर तुमची तक्रारच उभी राहत नाही.

सावधान : बाग, उद्यान आणि खेळाचं मैदान ही आरक्षणं बोलण्यात एकच वाटतात, कागदावर वेगळी आहेत. प्राथमिक शाळा, माध्यमिक शाळा आणि ‘शाळा व खेळाचे मैदान’ ही तिन्हीही वेगळी. जसं नकाशात आणि योजनेच्या अहवालातल्या यादीत लिहिलंय तसंच, अक्षर न बदलता, अर्जात उतरवा.

टप्पा ३ : जागा चारपैकी कुठल्या डब्यात बसते?

सगळ्यांत जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा. मोकळी, हिरवी दिसणारी जागा कायद्याच्या चार वेगवेगळ्या डब्यांत असू शकते आणि प्रत्येक डब्याचं दार वेगळं असतं.

विभाग, म्हणजे झोन. निवासी, वाणिज्य, औद्योगिक, सार्वजनिक-निमसार्वजनिक, हरित वगैरे. झोन सांगतो की इथे काय बांधता येईल. निवासी विभागात नियमांत बसणारी शाळा किंवा दवाखाना चालतो. त्यासाठी आरक्षण लागत नाही आणि फेरबदलही लागत नाही. जागा निवासी विभागातली असेल आणि तिथे शाळा येत असेल तर ‘बागेची जागा शाळेला दिली’ ही ओरड चुकीची. तिथे बघायचं ते रस्त्याची रुंदी, सामासिक अंतरं (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग आणि अग्निशमनाची अट पाळली आहे का.

आरक्षण. योजनेत विशिष्ट सार्वजनिक कामासाठी राखलेली जागा. जमीन खासगी मालकीची असू शकते. पालिकेने ती ताब्यात घेतलेली असतेच असं नाही, हे लोकांना पटतच नाही. ‘आरक्षण आहे म्हणजे पालिकेची’ असं धरून चालू नका. शिवाय २ डिसेंबर २०२० ला मंजूर झालेली एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, जी बृहन्मुंबई आणि काही क्षेत्रं वगळून राज्याला लागू आहे आणि ठाणे-नवी मुंबई महापालिकांनाही, तिच्या अकराव्या प्रकरणात समावेशक आरक्षणाची सोय आहे. मालक आरक्षणाचा ठरलेला हिस्सा विकसित करून किंवा मोकळा पालिकेला देतो आणि उरलेल्यावर स्वतःचं बांधकाम करतो. त्यामुळे आरक्षणावर इमारत दिसली की ती बेकायदा असेलच असं नाही. मंजूर नकाशा मागवून पालिकेला किती आणि कुठला हिस्सा मिळणार ते मोजा. रस्त्याकडचा चौकोनी तुकडा मालकाकडे आणि नाल्याकडची चिंचोळी पट्टी पालिकेकडे, अशी वाटणी दिसली तर हरकतीला खरा मुद्दा मिळाला.

अभिन्यासातली (लेआउटमधली) मनोरंजनाची मोकळी जागा. बोलीभाषेत आरजी. ०.४ हेक्टर, म्हणजे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात १० टक्के जागा अशी ठेवावी लागते. ही त्या संकुलातल्या रहिवाशांसाठी असते आणि विकास योजनेच्या नकाशावर ती दिसतच नाही. ती सापडते मंजूर अभिन्यासाच्या नकाशात. तिच्यावर क्लब हाऊस, व्यायामशाळा, वाचनालय असं बांधता येतं, पण जास्तीत जास्त दोन मजली, मोकळ्या जागेच्या १५ टक्क्यांपर्यंतच बांधकाम आणि त्यातलं तळमजल्यावर १० टक्क्यांहून अधिक नाही. ज्येष्ठ नागरिक संघाला विरंगुळा केंद्र बांधायचं असेल तर सोसायट्यांनी आधी हे गणित करावं. २,००० चौरस मीटरची आरजी असेल तर एकूण ३०० आणि तळमजल्यावर २००, आणि त्यात बिल्डरने आधीच बांधलेलं क्लब हाऊस धरायचं. बहुतेक ठिकाणी कोटा तिथेच संपलेला असतो.

आरजी हलवली किंवा कापली असेल तर विकास योजनेवर हरकत घेऊन काही होत नाही. इथे तुमचं हत्यार रेरा कायदा, २०१६ चं कलम १४: मंजूर अभिन्यासात बदल करायला किमान दोन तृतीयांश खरेदीदारांची आधी लेखी संमती लागते. महारेराच्या संकेतस्थळावरून नोंदणीच्या वेळचा नकाशा उतरवून घ्या आणि आजच्या नकाशाशेजारी ठेवा.

सुविधा भूखंड. मोठ्या अभिन्यासातून प्राधिकरणाकडे किंवा सार्वजनिक सोयींसाठी वेगळा काढलेला तुकडा. त्यावर बागही होऊ शकते, शाळाही, आरोग्य केंद्रही. ‘इथे बागच होणार होती’ असं कुणी तोंडी सांगितलेलं इथे टिकत नाही. अभिन्यास मंजुरीच्या पत्रातल्या अटी वाचा. उपयोग नेमका लिहिलेला असेल तर प्रश्न सुटला, नसेल तर तुमची मागणी ‘बाग करा’ अशी सूचना म्हणून जाईल, हरकत म्हणून नाही.

तपासा : कागदाच्या वर एका वाक्यात लिहा: ‘ही जागा ___ आहे, पुरावा ___.’ पुराव्याच्या जागी नकाशाचं किंवा पत्राचं नाव आणि तारीख आली पाहिजे. ‘सगळ्यांना माहीत आहे’ हा पुरावा नव्हे.

झोन आणि आरक्षणापलीकडचे निर्बंधही याच वेळी बघून ठेवा: खाडीकाठी सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र), येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं संवेदनशील क्षेत्र, डोक्यावरून जाणाऱ्या उच्चदाब वाहिन्या. कधीकधी हरकत न घेताच काम तिथे अडतं.

टप्पा ४ : नवी मुंबईकरांसाठी दोन दारं

ठाणेकरांनी हा टप्पा सोडला तरी चालेल.

नवी मुंबईत जमिनीचा मालक बहुतेक ठिकाणी सिडको. भूखंड मिळालेला माणूस, संस्था किंवा ट्रस्ट भाडेपट्टेदार, पट्टा साधारण ६० वर्षांचा. बांधकाम परवानगी मात्र महापालिकेच्या हद्दीत महापालिका देते. म्हणून शाळेसाठी सवलतीत मिळालेल्या भूखंडावर लग्नाचा हॉल चालला असेल तर दोन वेगळे प्रश्न उभे राहतात: पट्ट्यातल्या वापराची अट मोडली का, हे सिडकोला विचारायचं. मंजूर नकाशाबाहेर वापर झाला का, हे महापालिकेला. एकाच अर्जात दोन्ही लिहिलं की दोन्ही कार्यालयं तो एकमेकांकडे पाठवतात आणि अर्ज बेलापूरच्या बेलापुरात फिरत राहतो. दोन स्वतंत्र अर्ज करा, दोन वेगळे आवक क्रमांक घ्या.

सिडकोकडे मागायचं ते भाडेपट्टा कराराची प्रत आणि भूखंड वाटपाच्या जाहिरातीतला उपयोग. नोडच्या नकाशावर ‘सामाजिक सुविधा’ एवढंच मोघम लिहिलेलं असतं, खरी अट करारात असते. खारघर-कामोठ्याकडच्या वाचकांनी तर सर्वांत आधी ‘या भूखंडासाठी नियोजन प्राधिकरण कोण’ हेच लेखी विचारून घ्यावं. हद्द पनवेल महापालिकेची म्हणून परवानगीही तीच देते, असं गृहीत धरू नका.

मोठी जागा असेल तर दम धरा, हार मानू नका. घणसोलीत २००३ पासून सरकारी क्रीडा संकुलासाठी राखलेली २० एकर जागा शासनाने रायगड जिल्ह्यात हलवायचं ठरवलं, त्याविरुद्ध वास्तुविशारदांची संघटना उच्च न्यायालयात गेली आणि २०२४ मध्ये तो निर्णय रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयातही शासनाला दिलासा मिळाला नाही. तिथे भाषणं उपयोगी पडली नाहीत, वाटपाचे आणि नियोजनाचे जुने कागद पडले.

टप्पा ५ : बदल कुठल्या वाटेने होतोय ते ओळखा

सूचना वर्तमानपत्रात बारीक टायपात येते. शीर्षक सोडा, आधी कलम शोधा. खालची सगळी कलमं १९६६ च्या त्याच नगररचना अधिनियमातली आहेत.

कलम २६ व २८ : प्रारूप विकास योजना. सगळ्या शहराचा नकाशा नव्याने होतो. हरकती नियोजन समितीपुढे जातात, सुनावणी मिळते. शासन मंजुरीच्या वेळी मोठे बदल सुचवले तर ते ‘ईपी’ (एक्स्क्लूडेड पार्ट, म्हणजे वगळलेला भाग) क्रमांक घालून पुन्हा प्रसिद्ध होतात आणि पुन्हा हरकती मागवल्या जातात. पहिल्या फेरीत जिंकलेली बाग दुसऱ्या फेरीत ईपीमध्ये गेलेली मी पाहिली आहे. पहिल्या फेरीत जिंकलात तरी दुसऱ्या फेरीची यादी वाचा.

कलम ३७(१) : पालिकेचा फेरबदल. एखाद्याच आरक्षणाचा बदल. आधी ठराव, मग राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत सूचना, हरकतीला एक महिना, सुनावणी, मग प्रस्ताव शासनाकडे. या कलमाची मूळ अट अशी की बदलाने योजनेचं स्वरूप पालटता कामा नये. तुमच्या हरकतीचा कणा हाच.

कलम ३७(१अअ) : शासनाने स्वतः सुरू केलेला फेरबदल. दिसायला सारखाच, पण हरकत पालिकेकडे द्यायची नसते. सूचनेत अधिकाऱ्याचं नाव असतं, आपल्या भागात बहुधा बेलापूरच्या कोकण भवनातले नगररचनेचे सहसंचालक. पाचपाखाडीत दिलेली हरकत बेलापूरला मुदतीत पोहोचेल या भरवशावर राहू नका.

कलम १२७ : आरक्षण व्यपगत होणं. ही वाट सर्वांत शांत, आणि माझ्या मते सर्वांत जास्त बागा याच वाटेने गेल्या असाव्यात. योजना अमलात आल्यावर १० वर्षांत जागा संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप संपतं आणि शेजारच्या जमिनीवर जे चालतं ते तिथेही चालतं. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती, मग बारा, २०१५ च्या दुरुस्तीने चोवीस झाली. ठाण्याच्या १९९९ च्या आरक्षणांची १० वर्षं कधीच उलटली, म्हणजे ताब्यात न आलेल्या कुठल्याही जागेवर अशी नोटीस येऊन पडलेली असू शकते.

या कलमात शेजाऱ्यांकडून हरकती मागवायची पायरीच नाही. ‘सूचना येईल, मग बघू’ म्हणून थांबलात तर थेट राजपत्रात आरक्षण संपल्याची अधिसूचना दिसेल. म्हणून आजच माहितीच्या अधिकारात विचारा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत हवा, शुल्क १० रुपये. मजकूर असा पुरेसा आहे:

‘मौजे ___, स.नं. ___, सेक्टर क्र. ___, आरक्षण क्र. ___ बाबत : १) सदर जागेचा ताबा महापालिकेकडे आहे काय, असल्यास ताबा पावतीची प्रत. २) कलम ४९ किंवा १२७ अन्वये सूचना प्राप्त झाली आहे काय, असल्यास प्राप्त झाल्याची तारीख व सूचनेची प्रत. ३) त्यावर भूसंपादनासाठी केलेल्या कार्यवाहीची व जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवलेल्या प्रस्तावाची प्रत.’

उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नोटिशीची तारीख कळली की २४ महिन्यांचं कॅलेंडर फ्रीजवर लावा. त्या काळात निवेदनाचा विषय एकच ठेवा: संपादनासाठी अंदाजपत्रकात तरतूद आणि विधिवत प्रस्ताव. नुसत्या ठरावाला किंवा पत्राला ‘पाऊल’ म्हणता येत नाही, याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सविस्तर लिहिलं आहे. पालिकेने ‘आम्ही पत्र पाठवलंय’ असं सांगितलं तर निश्चिंत होऊ नका.

टप्पा ६ : हरकत लिहा

एक पान, फार तर दीड. क्रम असा: विषयात सूचनेचा क्रमांक आणि तारीख, मग जागेचा पूर्ण नंबर, मग तुमचा संबंध (किती अंतरावर राहता), मग मुद्दे, मग नेमकी मागणी.

मुद्दे तीन-चारच, आणि मोजता येतील असे. उदाहरणार्थ:

‘१) सदर जागा मंजूर योजनेत “खेळाचे मैदान” म्हणून आरक्षित आहे. प्रस्तावित बदलाने या नियोजन सेक्टरमधील मैदानांचे क्षेत्र ___ चौ.मी. वरून ___ चौ.मी. होते. २) बदल्यात सुचवलेली जागा ___ मीटरवर असून मध्ये महामार्ग आहे, मुलांना पायी जाता येत नाही. ३) पर्यायी जागेस ___ मीटर रुंदीचाच पोचरस्ता आहे. मागणी : फेरबदल नामंजूर करावा. पर्यायाने, तेवढ्याच क्षेत्राची जागा याच सेक्टरमध्ये आधी ताब्यात घेऊन मगच फेरबदल करावा.’

‘पर्यायाने’ हा शब्द विसरू नका. नामंजूर करा एवढंच मागितलं आणि मंजूर झालं तर हातात काहीच उरत नाही.

न्यायालयाचा दाखला द्यायचाच असेल तर १९९१ चा बंगळूरचा निकाल द्या: उद्यानासाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयाला दिलेली होती, सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप टिकू दिलं नाही. पण तो कर्नाटकातल्या कायद्यावरचा निकाल, म्हणून त्याला शेवटच्या मुद्द्यात ठेवा.

नेहमीच्या चुका:

- पाचशे सह्यांचं एकच निवेदन. त्याला बहुधा एकच हरकत क्रमांक मिळतो. वीस कुटुंबांनी आपापल्या शब्दांत वीस हरकती दिलेल्या बऱ्या.
- नगरसेवक, बिल्डर, ‘मलिदा’ यांवरचे परिच्छेद. खरे असले तरी हरकतीत त्यांना रकाना नाही.
- सोसायटीच्या लेटरहेडवर हरकत, पण ठराव नाही. व्यवस्थापक समितीच्या ठरावाची प्रत जोडा.
- फोटो रंगीत, नकाशा नाही. उलट करा: नकाशा आधी.

टप्पा ७ : दाखल करा आणि पोच घ्या

मुदत मोजताना वर्तमानपत्र आणि राजपत्र यांतली जी तारीख आधीची, तीच धरा. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का, तिन्ही पाहिजेत. नुसती सही म्हणजे पोच नव्हे. ई-मेलने पाठवली असली तरी कागद द्या. शेवटच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी आवक खिडकीवर सगळं शहर असतं.

टप्पा ८ : सुनावणी

तुम्हाला पाच-सात मिनिटं मिळतील, कमीच धरा. माझ्या दुसऱ्या सुनावणीला मी सव्वादोन तास बाकावर आणि चार मिनिटं आत होतो. त्या चार मिनिटांत कामाला आली ती एकच गोष्ट: ए-३ कागदावर भाग नकाशा, त्यावर लाल पेनाने आरक्षणाची हद्द, हिरव्याने सुचवलेली पर्यायी जागा, आणि दोहोंमधल्या रस्त्यावर मीटरमध्ये अंतर. समोरच्यांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला आणि विचारलं, ‘हे अंतर कशावरून?’ बरोबर असलेल्या जोशी काकूंनी मोजणीचा टेप काढायच्या आत मी मोजणी नकाशा पुढे केला. (टेप खरंच आणला होता.)

तीन प्रती न्या. एकच वक्ता ठरवा. निघताना विनंती करा की तुमचे मुद्दे इतिवृत्तात नोंदवावेत, आणि बाहेर आल्यावर त्याच दिवशी ‘आज सुनावणीत मांडलेले मुद्दे’ असं अर्ध्या पानाचं पत्र आवक करा. तोंडी बोललेलं नोंदवलं गेलं नसेल तर हे पत्र उरतं.

टप्पा ९ : नंतरचा पाठपुरावा

फेरबदलाचा प्रस्ताव शासनाकडे गेला की पालिकेत विचारून उपयोग नाही, मंत्रालयातल्या नगरविकास विभागात विचारा. ई-राजपत्राच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा शहराचं नाव घालून बघा. पालिकेचा शिफारस अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. तुमच्या हरकतीपुढे काय शेरा आहे ते त्यात कळतं.

दरम्यान जागेवर काम सुरू झालं तर फलकावरचा परवानगी क्रमांक टिपून घ्या आणि प्रारंभ प्रमाणपत्र व मंजूर नकाशाची प्रत मागा. फलकच नसेल किंवा काम नकाशाबाहेर असेल तर तक्रार ठाण्यात प्रभाग समितीच्या सहायक आयुक्तांकडे, नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे, आणि त्यात कलम ५३ अन्वये नोटीस बजावण्याची मागणी स्पष्ट लिहा. ‘योग्य ती कारवाई व्हावी’ असं लिहिलंत तर तुमचं पत्र माहितीसाठी पुढच्या टेबलावर जातं आणि तिथेच राहतं.

सगळे कागद एकाच फाइलीत, वरच्या पुठ्ठ्यावर मार्करने जागेचा नंबर, आरक्षणाचा क्रमांक आणि पुढची तारीख लिहून सोसायटीच्या ऑफिसात ठेवा. समिती बदलली की चार्ज देताना ही फाइल सही घेऊन द्या. आमची एकदा हरवली होती. जुन्या सेक्रेटरींच्या लॉफ्टवर, दिवाळीच्या माळांखाली सापडली तेव्हा कलम १२७ च्या नोटिशीला एकवीस महिने झाले होते.